तीन शिट्ट्या

पिंपळखरेकाकांच्या डोळ्यांवर हिरवी पट्टी,
आणि डिसेंबरातलं धुकं असं
की दौलतगंजात पट्टी नसलेल्यांनाही
समोरची सायकल अंगावर आल्यावरच दिसायची.
मी वरच्या मजल्यावरची भाडेकरू.
साडेअकराला खाली जायचं, कादंबरी वाचायची,
तोवर माझं वरण त्यांच्या गॅसवर शिजायचं.
एवढाच व्यवहार.

कादंबरी वाचनालयातली, पाठ सुटलेली.
समासात पेन्सिलीनं कोणीतरी लिहिलेलं : खोटं!
त्याखाली निळ्या शाईत, दुसऱ्या हातानं :
तुम्हाला काय माहीत?

सातव्या प्रकरणात अनसूया ट्रंक घेऊन
फलाटावर येते.
त्या दिवशी मी तिच्या बाजूची नव्हते.
सकाळीच नणंदेचा फोन येऊन गेला होता,
अनसूयेचं एकेक वाक्य माझ्या तोंडून
नणंदेच्या हेलात निघत होतं,
ऐकणाऱ्याला वाटावं, बाई नाटकी आहे.
पुढे दोन पानं गुळानं चिकटलेली,
मागच्या वाचकानं गजक खात वाचली असणार.
बोटाला जाड लागलं. कळलं मला.
वरणाकडे लक्ष होतं, घड्याळाकडे होतं,
मी पुढचंच पान वाचलं.

काका बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "बरं झालं, गेली."
त्यांच्या घरात कुठल्याच बाईचा फोटो नाही,
हार घातलेला नाही, न घातलेलाही नाही.
मी कुकर उचलून वर आले.

चैत्रात भोपाळहून त्यांची पुतणी आली.
पट्टी सुटली होती, धुकंही.
तिला काका सांगत होते, मी जिन्यात ऐकलं :
"ती फलाटावर उभी. दामोदर समोर, तोंडातून शब्द नाही.
गाडी एक शिट्टी देते. दुसरी देते.
तिसरीला ती चढते.
अगं, छोट्या लाइनीवर तीस वर्षं गार्ड होतो मी,
श्योपूरपर्यंत. तिसऱ्या शिट्टीनंतर
कोणी उतरलेलं पाहिलं नाही.
लिहिणाऱ्याला माहीत होतं बघ."

त्या प्रकरणात गाडी नाहीये.
मी वाचनालयात जाऊन पुस्तक परत काढून आणलं,
चिकटलेली पानं ओल्या फडक्यानं सोडवली.
गाडी उशिरा आहे, एवढं एक वाक्य.
बाकी पावणेदोन पानं दामोदर माफी मागतो,
वाईट मागतो, अडखळत, मध्येच हिशेबाचं बोलतो,
आणि ती टांग्यात बसून त्याच्याबरोबर घरी जाते.
शिट्ट्या माझ्या वरणाच्या होत्या.

आणि पोपटी साडी?
एकोणिसाव्या वर्षी हेच पुस्तक मी
जयेंद्रगंजात मावशीकडे, कॉटखाली दिवा ठेवून वाचलं होतं,
तेव्हापासून माझी अनसूया पोपटी साडीत आहे.
शोधली. पुस्तकभर शोधली.
लेखकानं तिला काही नेसवलेलंच नाही,
नुसता पदर आहे, तो ती दोनदा सावरते.
साडी मावशीच्या शेजारणीची,
जी त्या उन्हाळ्यात गच्चीवर एकटीच हसायची.

काका परवा म्हणाले, आता दिसतं बऱ्यापैकी,
ते पुस्तक आणाल का? एकदा स्वतः वाचतो.
मी म्हटलं, कोणीतरी नेलंय.
"नेऊ द्या," म्हणाले, "घाई नाही,"
आणि चष्मा पुसत राहिले,
पुसून झाल्यावरही.

पुस्तक वर माझ्या उशीखाली आहे,
दंड अकरा रुपये झालाय.
आज दुपारी पुन्हा ते पान उघडलं,
म्हटलं, या वेळी नीट वाचू,
कोणाचीही बाजू न घेता.
दामोदरनं तोंड उघडलं,
आणि खाली काकांच्या स्वयंपाकघरात
कुकरनं पहिली शिट्टी दिली.
मी बोट ओळीवर ठेवून
दुसरीची वाट पाहत बसले.